मसोलीतलं हबशी ताट

अहिल्याताई इथिओपियाहून परत आल्या त्या एकट्याच. त्यांचे यजमान शिक्षक. डहाणूची नोकरी सोडून तिकडच्या शाळेत शिकवायला गेले आणि तापानं तिथेच वारले. माहेरी कुणी उरलं नव्हतं. ताईंनी डहाणूजवळ मसोलीत अण्णांची खोली भाड्यानं घेतली आणि खानावळ काढली.

रोज वरणभात. रविवारी तिकडचं, इथिओपियातलं हबशी जेवण. आंबवलेल्या नाचणीचं परातीएवढं घावन, त्यावर लालभडक मसूर आणि पालेभाजी. ताट एकच. सगळ्यांनी त्यातच जेवायचं.

"ताई, भांडी घासायचा कंटाळा हो तुम्हाला!" रेल्वेचे कारकून म्हणायचे. पण यायचे. बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो, तेव्हा मीही जायचो.

नाचणी आंबवायची ती सुकीनं. ती विवळवेढ्याजवळच्या वारली पाड्यावरची. इथिओपियात जवळच्या माणसाला आपल्या हातानं घास भरवतात. इथे ताई फक्त सुकीला भरवत. कारकून तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत.

अण्णांच्या कानावर हे गेलंच. शनिवारी ते दारात येऊन उभे राहिले.

"वारलीण आणि आमचे लोक एका ताटात? उद्या मी स्वतः जेवायला येतो. ती ताटाजवळ दिसली, तर संध्याकाळी खोली रिकामी."

रविवारी मी लवकर गेलो. ताई दाराआड उभ्या होत्या.

"आज सुकीला नाही भरवणार," त्या हळू म्हणाल्या. "खोली गेली तर मी जाऊ कुठे?"

सुकीनं चुलीपाशी ऐकलं. "मी भायेर येतच नाय, बाय. तू भिऊ नको."

अण्णा आले. कारकून त्या दिवशी फिरकले नाहीत. ताटावर अण्णा, मी आणि ताई.

"चमचा?"

"हातानंच, अण्णा. घावनाचा तुकडा तोडून."

"आमची आजी असती तर मला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली असती!" ते हसले. घास घेतला. "पण झणझणीत आहे हो. मसूर आणा अजून."

ताईंचा चेहरा सैल झाला. "सुके, मसूर आण गं," त्या सवयीनं म्हणाल्या.

सुकी फडक्यात तापलेलं पातेलं धरून आली. वाकली. ताईंच्या बोटांत घास होता. इतक्या वर्षांची सवय. हात वर गेला. सुकीचे दोन्ही हात अडकलेले. तिनंही सवयीनं तोंड उघडलं.

घास आत गेला आणि मग दोघींना कळलं.

सुकी चघळेना, गिळेना.

अण्णांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "चुकून झालं म्हणा, ताई. तिला आत पाठवा. मी विसरतो."

मे महिना होता. ताईंचे दात वाजत होते. त्यांनी सुकीकडे पाहिलं. सुकी मानेनं सांगत होती, म्हण, म्हणून टाक.

"तिकडे म्हणतात," ताई म्हणाल्या, "एका घासानं वैर येतं. दोन घासांनी माणूस दुरावतं. तीन द्यावे लागतात, तेव्हा ते आपलं होतं."

त्यांनी दुसरा घास केला. थोडी मसूर सुकीच्या खांद्यावर सांडली. मग तिसरा.

अण्णा उठले. अंगणात हात धुतले, चूळ भरली. "संध्याकाळी," एवढंच म्हणाले आणि गेले.

ताईंनी सुकीला हाताला धरून ताटावर बसवलं.

"जेवून घे. मग सामान बांधायचंय."

"कुठं जाशील, बाय?"

ताईंनी मसूर तिच्यापुढे सरकवली. मी उठून भांडी बांधायला लागलो.