पूर्ण नावाचा बॅनर
मार्करचा उग्र वास आला की अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातलं ते ओलं मैदान आठवतं. माझी रूममेट तिथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबात खेळायची. त्या दिवशी तिची पन्नासावी मॅच होती. अशा मॅचला खेळाडूच्या नावाचा भलामोठा कागदी बॅनर धरतात आणि तो फाडत ती मैदानात धावत येते. क्लबने तिच्या चार अक्षरी नावाचं नुसतं 'व्ही' करून ठेवलं होतं. मी भांडले, "पन्नास मॅच खेळली, नाव पूर्ण लिहायला काय जातं?" आणि जमिनीवर बसून मीच ते लिहिलं, देवनागरीत, मी मोर्च्यांसाठी रंगवायचे त्या फलकांसारखं ठसठशीत. ती धावत आली, तोच मॅच बघायला आलेली तिची आई ओरडली, "अगं, नावाला पाय लागेल!" ती थबकली आणि मागची अख्खी टीम तिच्यावर आदळली. "आई, तो फाडायचाच असतो!" "मग खालून फाड!" ती वाकून नावाखालच्या कोऱ्या कागदातून घुसली. मी मनात चडफडले. मॅचनंतर काकू बॅनरवरचा नावाचा तेवढा भाग घड्या घालून पर्समध्ये ठेवत होत्या. "हे नाव ठेवायला मीही भांडले होते गं," त्या म्हणाल्या, "सासूबाईंशी." आजही मोर्चा संपला की नावं लिहिलेला एकही फलक मी रस्त्यात पडू देत नाही.