पट्टीवरच्या गाई

पूनमसिंगच्या पायाला भिंगरी आहे, असं अख्खा तांडा म्हणायचा. आभाळात विमान घरघरलं की हा माणूस ताटावरून उठलाच. धोतर सावरत, काठी उगारत तो जुन्या धावपट्टीवर पळायचा आणि चरणाऱ्या गाई हुसकावून लावायचा. विमान तोवर हैदराबादकडे निघून गेलेलं असायचं.

ही पट्टी महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी टेकाडावर बांधली. मुरूम वाहिला तांड्याच्याच बैलांनी. एकदा उतरणाऱ्या विमानासमोर गाई आल्या. त्यांना चुकवताना विमान उलटलं आणि ते चालवणारं कोवळं गोरं पोर जागीच गेलं. गाई राखायला होता पूनमसिंगचा बाप, हरिसिंग, आणि तो झाडाखाली खुशाल घोरत होता. युद्ध संपलं, साहेब गेले, पट्टीवर गवत माजलं. हरिसिंगच्या मनातून ते पोर मात्र हललं नाही. मरताना त्यानं पट्टीची राखण लेकाच्या गळ्यात घातली. पुढे धरणाचं पाणी चढलं, टेकाडाचं बेट झालं, तांडा काठावर आला. पूनमसिंग तेवढा गाई घेऊन बेटावरच राहिला.

त्याची बायको रुपीबाई डोंग्यातून डबा घेऊन यायची आणि चिडायची, "कोन उतरून राह्यलं इथं? माहा बाप?"

यंदा गाईंमागे धावतानाच तो पडला आणि खुबा मोडला. लेकानं, बबलूनं, त्याला काठावर आणलं, गाईही आणल्या. त्या घरामागे हंबरत होत्या, खाटेवर त्याला ऐकू येत होत्या. तरी विमान घरघरलं तसा तो उठायला धडपडला.

"अवो, गाई मांगं बांधल्या हायेत ना! काहून उठता?"

"माहीत हाये मले. पन पट्टी कोनं पाह्यली?"

रुपीबाईचा संताप झाला. जन्मभर या माणसानं एक घास सुखानं खाऊ दिला नव्हता. पण खाटेची दोरी आवळणारे त्याचे हात पाहून तिला भडभडून आलं. ती तडक काठावर गेली आणि रिकाम्या बेटाकडे तोंड करून घसा फुटेस्तोवर ओरडली, "हट्, हट्! सरका वं मायहो, सरका!"

धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"सरकल्या?" ती घरात येताच त्यानं विचारलं.

"सरकल्या. एक लंगडी मांगं राह्यलती, तिलेबी हाकललं."

पूनमसिंगनं डोळे मिटले.

दिवस कलल्यावर ती भाकरी थापायला बसली. आभाळात पुन्हा घरघर झाली. तो गाढ झोपला होता, त्याला काहीच ऐकू आलं नाही. रुपीबाईनं तव्यावरची भाकर तशीच टाकली आणि ती पिठाच्या हातांनी काठाकडे पळत सुटली.