शिट्टी वाजली की क्रीम

आमच्या घरात तोंडाला क्रीम लावण्यासाठी शिट्टी वाजते. पहिली पावणेदहाला, दुसरी बाराला, मग दोनला आणि शेवटची चारला. आभाळ भरून आलं तरी वाजते, कारण ढगांतूनही ऊन लागतं असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि डॉक्टरांचं सांगणं आमचे मालक मोडत नाहीत. (मालक म्हणजे माझे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून घरी आले. फौज सुटली, शिट्टी राहिली.)

सुरुवात माझ्या गालांपासून झाली. दोन्ही गालांवर काळे वांग आहेत, रानात काम करून आलेले. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. माझ्या तोंडाकडे कोणी बघावं असं मला तसंही वाटत नाही. कोणी बघितलंच तर पदर तोंडावर येतो. तो मी आणते असं नाही, तो आपला येतो.

वाटलं ते आमच्या सुनेला. पल्लवी सांगलीची, शहरात वाढलेली. लग्नाला चार महिने झाले होते. माझा मुलगाही फौजेत आहे, राजस्थानात, आणि त्याला बायकोला न्यायला अजून क्वार्टर मिळाली नव्हती. तोवर पल्लवी आमच्याकडे, रहिमतपूरजवळच्या वस्तीवर राहत होती. तिच्या आईला हे पसंत नव्हतं. तुमच्याकडं ऊन फार, पोरगी रापून जाईल, असं त्या लग्नातच म्हणाल्या होत्या. होळी झाली की येऊन बघते आणि बरं वाटलं नाही तर सांगलीला घेऊन जाते, हेही फोनवर सांगून झालं होतं.

मला ती जायला नको होती. या घरात आल्यापासून मी जेवढं बोलले नसेन, तेवढं या चार महिन्यांत तिच्याशी बोलले होते. (त्यातलं बरंचसं तीच बोलली, पण मी हुंकार तरी भरला.)

तर पल्लवीनं मला साताऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक ट्यूब दिली आणि ती कशी लावायची ते सांगितलं. मी मान हलवत होते. बाहेर आल्यावर पल्लवीनं विचारलं, "आई, काय सांगितलं डॉक्टरांनी?"

मी म्हटलं, "क्रीम लाव म्हनाले."

तेवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. पन्नाशी गाठलेल्या बाईनं तोंडाला क्रीम लावायचं, या विचारानंच मला घाम फुटला होता. मग मी आपल्या पद्धतीनं सुरू केलं. ट्यूब न्हाणीघरात साबणामागे लपवली. सकाळी दार लावून मोहरीएवढं क्रीम घ्यायचं, दोन्ही गालांना टेकवायचं, आरशात बघायचं, पांढरं दिसतंय असं वाटलं की तोंड धुऊन टाकायचं आणि रानात जायचं. दोन महिने मी हे नेमानं केलं. एक दिवससुद्धा चुकवला नाही.

पल्लवीनं एकदा साबणामागे हात घातला आणि ट्यूब बाहेर काढली. ट्यूब दुकानातून आली तशीच भरलेली होती. सकाळच्या चहाला तिनं ती सगळ्यांसमोर ठेवली, आणि इथंच घात झाला, कारण सगळ्यांमध्ये मालकही होते.

"डॉक्टरनी नेमकं काय सांगितलंय?" मालकांनी विचारलं.

पल्लवीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. सकाळी तोंड धुवायचं. चेहरा कोरडा पडत असेल तर आधी साधं क्रीम, त्यावर हे उन्हाचं. दोन बोटांवर लांब रेघ ओढायची, तेवढं सगळं लावायचं. कान, मान, हाताची पाठ सोडायची नाही. उन्हात जायच्या पंधरा मिनिटं आधी लावायचं आणि उन्हात असलो तर दर दोन तासांनी पुन्हा. रात्री लावायची गरज नाही.

मालकांनी चहा संपवला, खडू घेतला आणि हे सगळं गोठ्याच्या भिंतीवर लिहून काढलं. खाली रेघ मारली. मग खुंटीवरची शिट्टी पुसून गळ्यात घातली. "रोग घरात आल्यावर घाई करन्यापेक्षा आधी शिस्त बरी," असं ते म्हशीकडे बघून म्हणाले.

त्या वेळी उसाची भांगलण चालू होती. आमच्याकडे भांगलण पैऱ्यानं होते. आज सगळ्या बायका माझ्या रानात, उद्या सगळ्या हौसाबाईच्या रानात, परवा तिसरीच्या. साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर पदर, हातात खुरपं, असा आमचा सगळ्यांचा वेश. मालक बांधावर उभे राहून तण नीट निघतंय का बघतात. आमच्या रानात बसायला मिळत नाही अशी गावात बोलवा आहे, ती खरी आहे.

पहिल्या दिवशी बाराला शिट्टी वाजली. बायकांना वाटलं साप निघाला. त्या बांधावर पळाल्या. मला एकटीलाच बांधावरच्या झाडाखाली बोलावलं होतं, पण आता सगळ्याच तिथे आल्या होत्या. मालकांनी माझ्या दोन बोटांवर पांढऱ्या रेघा ओढल्या. हौसाबाई बघत होती. हौसाबाई आमची शेजारीण, कशालाच न लाजणारी.

"आवं हवालदार," ती म्हणाली, "ऊन काय निस्तं तुमच्याच बायकूला लागतंय व्हय?"

मालकांना हा मुद्दा पटला. एका तुकडीत एकाला वेगळं आणि दुसऱ्याला वेगळं, हे त्यांना फौजेतही चाललं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, दोन बोटं पुढं करायला लावली आणि ट्यूब पिळत रांगेवरून गेले. रांग संपली तेव्हा ट्यूबही संपली. दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याच्या फौजी कँटीनमधून डझनभर घेऊन आले.

पण खरी गंमत क्रीमची नव्हतीच, पंधरा मिनिटांची होती. मालकांच्या हिशेबानं क्रीम लावल्यावर पंधरा मिनिटं उन्हात जायचं नाही म्हणजे नाही. त्यामुळे दिवसातून चार वेळा सगळ्या बायका झाडाखाली पाय पसरून बसायला लागल्या, आणि तेही हुकमानं. ज्या रानात पाणी प्यायलासुद्धा हातातली पात, म्हणजे उसाची ओळ, संपेपर्यंत थांबावं लागायचं, तिथे हे. बातमी वाऱ्यासारखी गेली. एरवी आमच्या पैऱ्याला सात बायका मिळायची मारामार. त्या आठवड्यात सोळा आल्या. दोन तर अशा, ज्यांच्या घरी ऊसच नाही.

भांगलण मात्र पुढे सरकेना. तण उसाच्या बरोबरीनं वाढलं.

टिकल्यांचाही घोळ झाला. क्रीम लावलेल्या कपाळावर टिकली टिकत नाही. घाम आला की ती चालायला लागते. हौसाबाईची बारापर्यंत भुवईवर आणि दोनपर्यंत गालावर यायची. बिनटिकलीचं कपाळ नको म्हणून बायका एकमेकींची घसरलेली टिकली दिसेल तिथून काढून पुन्हा वर लावायच्या. संध्याकाळी कोणाची टिकली कोणाकडे गेली हे सांगता यायचं नाही.

अशात विहीणबाईंचा फोन आला. त्या रविवारी चार वाजता येणार होत्या. मी सगळं ठरवलं. रविवारी अर्ध्या दिवसानं बायकांना घरी पाठवायचं, चांगली साडी नेसायची, शिट्टी लपवायची. पल्लवीला मी काही बोलले नाही. राहा असं म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती, आणि जाऊ नको म्हटल्यावर ती राहिली तर ती माझ्यासाठी राहिली असं झालं असतं.

विहीणबाई बाराला आल्या. सांगलीहून सकाळीच गाडी मिळाली म्हणून. घरी कोणी नव्हतं, तेव्हा वस्तीवरच्या एकानं त्यांना थेट रानात पाठवलं.

त्यांनी काय बघितलं ते मी लिहून ठेवते. झाडाखाली पुरुषांचे शर्ट घातलेल्या सोळा बायका एका रांगेत उभ्या. सगळ्यांची तोंडं पांढरीफटक. कोणाची टिकली नाकावर, कोणाची हनुवटीवर. सगळ्यांची दोन बोटं पुढे. रांगेच्या शेवटी त्यांची लेक आणि तिच्याशेजारी मी, जुन्या हिरव्या साडीत. आणि समोर मालक, गळ्यात शिट्टी, हातात ट्यूब.

"हे काय चाललंय?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"वेळेवर आलासा," मालक म्हणाले. "हात पुढं करा."

विहीणबाईंनी सांगितलं, की त्या रोजच लावतात, आजही सांगलीत घरातून निघता निघता लावून आल्या आहेत.

"किती वाजता?"

"सात वाजता."

मालकांनी घड्याळ बघितलं. "म्हंजे पाच तास झालं. उतरलं ते. आनी निघता निघता लावून भागत न्हाई. आधी पंधरा मिन्टं लागत्यात."

विहीणबाईंनी पल्लवीकडे बघितलं. पल्लवी म्हणाली, "मम्मी, बरोबर आहे त्यांचं. मी तुला कॉलेजपासून सांगतेय."

विहीणबाईंनी दोन बोटं पुढे केली.

मग पंधरा मिनिटं. त्या आमच्याबरोबर झाडाखाली पोत्यावर बसल्या. लेकीचे हात उलटे करून बघितले, मान बघितली, कानामागे बघितलं. ती सांगलीहून आली तेव्हापेक्षा काळी झालेली नव्हती. तरी त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढत सांगितलंच, की संध्याकाळच्या गाडीनं पल्लवीला घेऊन जायचा त्यांचा विचार आहे.

मग हौसाबाई बोलली.

"बाई, न्हेऊ नका तिला. ती आली तवा कुठं आमाला या रानात बसाय मिळालं. ती गेली की हवालदार शिट्टी बंद करत्याल."

सगळ्या हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं आजवर कोणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे ते तयार नव्हतं. पदर तोंडावर आला. पदरातूनच मी म्हटलं, "राहू दे की तिला. मला करमत न्हाई तिच्याबिगर."

एवढं लांब वाक्य मी परक्यासमोर बोलले हे ऐकून मालकांनी शिट्टी तोंडातून काढली. पल्लवी खाली मान घालून पोत्याचा धागा ओढत बसली. मग म्हणाली, "मम्मी, क्वार्टर मिळेपर्यंत मी इथेच आहे."

विहीणबाई बराच वेळ बाटलीचं झाकण काढत आणि लावत बसल्या. (बराच म्हणजे सात मिनिटं. मालकांनी पंधरा पूर्ण झाल्याची शिट्टी दिली म्हणून कळलं.) उठताना त्यांनी मालकांना विचारलं, कँटीनमधल्या दोन ट्यूब मिळतील का. संध्याकाळच्या गाडीनं त्या एकट्याच गेल्या.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा साताऱ्याला डॉक्टरांकडे गेलो. हौसाबाईही आली होती, सहज. डॉक्टरांनी आधी तिचंच तोंड बघून छान फरक पडलाय म्हणून सांगितलं. ती त्यांची पेशंटही नव्हती. मग माझे गाल बघितले. पुन्हा बघितले. दिवा लावून बघितले.

"काहीच फरक नाही. लावता ना नियमानं?"

मालक उभे राहिले. "साहेब, रोज चार वेळा. माझ्यासमोर."

डॉक्टर म्हणाले, माझ्यासमोर लावून दाखवा. मी दोन बोटांवर रेघा ओढल्या, कपाळ, गाल, कान, मान, सगळं नीट केलं आणि बसले. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पल्लवी बघत होती. मालक बघत होते.

पदर तोंडावर आला आणि सगळं पुसून गेला.

"मावशी," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पुन्हा एकदा लावा."

मी पुन्हा लावलं. ते पुन्हा बघायला लागले. पदर पुन्हा आला. तिसऱ्यांदा हौसाबाई हसत हसत बाकावरून खाली बसली. पल्लवी उठून आली आणि माझा पदर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. रानात रोज नेसायची तीच हिरवी साडी होती. साडी उन्हानं पार विटून गेली होती, पण पदराचा शेव नवा घेतल्यासारखा हिरवागार होता.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, क्रीम लावल्यावर पदर तोंडाला लावायचा नाही. मालकांनी ते घरी आल्यावर गोठ्याच्या भिंतीवर उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शिट्टी अजून वाजते. माझ्या गालांवरचे वांग होते तिथेच आहेत. पदरावर मात्र अजून एकही आलेला नाही.