नाकाडोंगरीची मंडई आणि रुसलेली टू-स्ट्रोक

जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर भंडारा जिल्हा फिरायचा बेत असेल तर पाने-पकड बांधण्याआधी माझी फजिती वाचून घ्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि कितीतरी सोयरिकी तिथेच जुळतात. मी साकोलीला शाळेत मास्तर होतो. आदल्या वर्षी नाकाडोंगरीच्या मंडईत एक मुलगी नजरेस पडली आणि वर्षभर मला दुसरं काही सुचलं नाही. त्या वर्षी माझ्या मामांनी शब्द टाकला आणि तिच्या वडिलांचा निरोप आला: मंडईच्या दिवशी जेवणाआधी या, दुपारून तिरोड्याचे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत. निरोप वाचून मी हवेतच होतो!

सकाळी सहाला मामांना मागे बसवून निघालो. बोलणी करायला मामा हवेतच, पण वजन नव्वद किलो. लाखनी, भंडारा, मोहाडी करत तुमसर गाठलं आणि तर्री-पोह्यांच्या दोन-दोन प्लेटा हाणल्या. तुम्ही गेलात तर इथेच पोटभर खा, पुढे जंगल आहे. गोबरवाहीकडचा तो रस्ता मला आजही आवडतो. दोन्ही बाजूंना साग, मधेच धानाच्या बांधीत चाललेली भातकापणी, आणि मॅंगनीजच्या खाणीतले ट्रक उडवतात ती धूळ. गाडी अशी पळत होती की मी मोठ्यानं गात होतो.

गाव चारेक किलोमीटरवर राहिलं तेव्हा मामांनी पाठीवर थाप मारली. "थांब बावा. अशी मातीनं भरलेली गाडी घेऊन पोरीच्या दारात जाशीन का?"

मलाही पटलं. रस्त्याकडेला एक बोडी होती, म्हणजे शेतातलं छोटं तळं. डब्या-डब्यानं पाणी ओतून गाडी लख्ख धुतली. इंजिन तापलेलं होतं, त्यावरही ओतलं. मग किक मारली. परत मारली. तीस किका झाल्या, गाडी हूं की चूं करेना.

"काहून रे, काय झालं?" मामा म्हणाले.

"कार्बोरेटरात कचरा आला, मामा. दहा मिनिटं द्या."

गेल्या हिवाळ्यात मळणीच्या कोंड्यानं जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोक, बुजला होता, तेव्हा मीच साफ केला होता. तेवढ्यावर मी स्वतःला मोठा मिस्त्री समजू लागलो होतो. कार्बोरेटर खोलला, जेट फुंकला, फ्लोट पुसला, परत बसवला. असं तीनदा केलं. ऊन चढत होतं, शर्टावर तेलाचे डाग पडले होते आणि तिरोड्याचे पाहुणे डोळ्यांसमोर नाचत होते. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी गाडी ढकलत निघालो. मामा मागून चालत होते आणि दर फर्लांगाला माझा उद्धार करत होते.

मुलीचे वडील खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दारात माझे काळे हात पाहून त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि ते थेट गाडीपाशी उकिडवे बसले. "गुरुजी, बंद पडाच्या आधी काय केलं होतं?"

मामा घाईनं म्हणाले, "काही नाही जी, पेट्रोलच खराब भेटलं."

मी मामांकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर लाज झाकली गेली असती. पण गाडी काही सुरू झाली नसती.

"बोडीवर धुतली," मी म्हणालो. "चमकावी म्हणून. मग ठिणगी न पाहताच तीनदा कार्बोरेटर खोलला."

त्यांनी पाना मागून घेतला. प्लग काढला, वायरच्या टोपीत घालून इंजिनच्या डोक्यावर टेकवला आणि मला किक मारायला लावली. ठिणगी नाहीच. निळी ठिणगी पडली तर खोट पेट्रोलच्या वाटेत शोधायची, नाही पडली तर विजेच्या वाटेत. हे तुम्हीही लक्षात ठेवा. त्यांनी इंजिनच्या कडेचं झाकण उघडलं. आत ठिणगीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर पाणी! कपड्यानं टिपून त्यांनी पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला आणि ओला प्लग घरात पाठवला.

थोड्या वेळानं मुलगी बाहेर आली. पोह्यांचं ताट घेऊन येणार म्हणून मी केस सारखे करून बसलो होतो. तिच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात चुलीवर तापवलेला प्लग.

"बाबा, घ्या. गरम आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "पयले ठिणगी पाहाव लागते जी."

प्लग बसवल्यावर दुसऱ्या किकेला गाडी भडभडली. सगळं अंगण धुरानं भरलं आणि मला इतका आनंद झाला की मी कशासाठी आलोय तेच विसरलो. मग जेवण झालं, सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि वांग्याची भाजी. माझ्यासमोर मात्र सोयरिकीचा शब्द कोणी काढला नाही. तिरोड्याचे पाहुणे यायच्या आत निघालो, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "पाहू जी."

परतीचे नव्वद-शंभर किलोमीटर गाडी एकदाही अडखळली नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मामा मागे बसून नुसते पाय दुखतात म्हणत होते. घरी पोचलो तर आई दारातच उभी.

"काय दादा, पोरगी पसंत आहे का?"

मामांनी चपला काढल्या, खाटेवर बसले आणि पाय चोळू लागले. "हा बाहेर गाडीपाशी होता तवा तिच्या बापानं तिले माह्यासमोर इचारलं. पोरगी म्हणे, मामा खोटं बोलले, पोरगा खरं बोलला, मले चालते."