लहानपणी होतो, आता नाही

गेल्या मंगळवारी संध्याकाळी, एचएसआर लेआउटच्या एका सिग्नलला गाडीत बसल्या बसल्या, मी माझ्या सख्ख्या भावाचं ठरत आलेलं लग्न जवळजवळ मोडलं. तेही अत्यंत नम्रपणे बोलून...

मी मंदार. केदार माझा जुळा भाऊ, माझ्याहून चार मिनिटांनी लहान. नाक, आवाज, चालणं सगळं सारखं... आता तर दोघांना टक्कलही एकाच जागी पडायला लागलंय. जुळं असलं की आपण मागून कसे दिसतो हे आयुष्यभर कळत राहतं. कळून उपयोग काही नसतो.

नाशिकला एका खोलीत वाढलो, आणि आता दोघंही बंगळुरात. मी बायको आणि चार वर्षांच्या लेकीबरोबर एचएसआरला, तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. भेट महिनोन्महिने होत नाही. कुणी विचारलं की दोघंही ट्रॅफिककडे बोट दाखवून मोकळे होतो.

तर केदारला राजाजीनगरचं स्थळ आलं. गौरी. पठ्ठ्या पहिल्या भेटीतच विरघळला. कोणता शर्ट घालू, असं त्याने मला जन्मात पहिल्यांदा विचारलं... गौरीचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात बोलतात मराठीच, पण त्यात कन्नड अशी मुरलेली, की कुठला शब्द कुठला ते त्यांनाही सांगता येणार नाही.

त्या बघण्याच्या कार्यक्रमाला मी गेलो नव्हतो, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. आईने बायोडेटात लिहिलं होतं, 'एक भाऊ, विवाहित' आणि खाली माझा नंबर. जुळा आहे हे लिहिलंच नाही. केदारनेही मुद्दाम सांगितलं नव्हतं... साखरपुड्यात आम्हा दोघांना शेजारी उभं करून गौरीची फजिती करायचा त्याचा बेत होता.

मंगळवारी गौरीच्या वडिलांचा मला फोन आला. मागे बसचा हॉर्न, बाजूला रिक्षा. आवाज जरा अवघडलेला.

"मंदारअण्णा, स्वल्प विचारायचं होतं. राग मानू नका... तुम्ही अन् केदार अवळी-जवळी का हो?"

त्या गोंगाटात मला नीट कळलं ते फक्त 'जवळी'. म्हटलं, यांच्याकडे 'जवळचे'ला असं म्हणत असतील. भला माणूस, मुलगी देण्याआधी भावाभावांचं कसं आहे ते बघतोय. खोटं कशाला बोला?

"लहानपणी होतो हो," मी म्हणालो. "अगदी एका ताटात जेवायचो. आता तसं नाही राहिलं."

पलीकडून आवाज आला, "आता नाही?"

"माझं लग्न झालं ना. मग हळूहळू कमी होतंच."

"सरी... सरी," म्हणजे बरं बरं, म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, माझ्या प्रामाणिकपणाचा त्यांच्यावर परिणाम झाला. झालाच होता.

बुधवारी केदारला त्यांचा मेसेज गेला, 'तूर्त थांबूया.' कारण काहीच नाही. गौरी फोन उचलेना. रात्री केदार माझ्याशी बोलला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं. गुरुवारी मी रजा टाकली. भावासाठी रजा मी शेवटची कधी टाकली होती, आठवत नाही.

त्याच्या स्कूटरवरून दोघं राजाजीनगरला गेलो. दार गौरीच्या वडिलांनीच उघडलं. केदारकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा केदारकडे... आणि मटकन खुर्चीत बसले. मग बहिणीला हाक मारली, "अक्का, लवकर बाहेर ये! दोघं आहेत!"

झालं होतं असं... रविवारी ते कामानिमित्त एचएसआरला आले होते. तिथल्या एका दर्शिनी हॉटेलात त्यांचा होणारा जावई एका बाईबरोबर उभ्याने डोसा खात होता, आणि त्याच्या कडेवरची पोरगी त्याला 'बाबा, चटणी' म्हणत होती. घरात हलकल्लोळ. तेव्हा त्यांच्या अक्कानेच समजावलं, घाई नको, जुळे असतील, भावालाच विचार.

"अवळी-जवळी म्हणजे जुळे हो! आम्ही तेच म्हणतो!" ते कळवळून म्हणाले. "अन् तुम्ही सांगता, लहानपणी होतो, लग्नानंतर कमी झालं! दोन दिवस मी डोकं धरून बसलोय... हे कमी कसं होतं?"

अक्का हसता हसता भिंतीला टेकल्या. गौरी आतून तरातरा आली, रागाने माझ्याकडे पाहिलं, मग माणूस चुकला हे कळून तोच राग केदारकडे वळवला. पण रडत हसत होती. कॉफी येईपर्यंत तिच्या वडिलांनी साखरपुड्यासाठी कॅलेंडर काढलंसुद्धा.

सगळ्यांत जास्त केदार हसला. खाली आल्यावर मात्र हेल्मेट हातात धरून तसाच उभा राहिला.

"मंद्या, प्रश्न तुला चुकीचा ऐकू आला," तो म्हणाला. "उत्तर तर खरंच दिलंस ना?"

ट्रॅफिकचं नाव घ्यायची लाज वाटली. तो उगाचच स्कूटरचा आरसा पुसायला लागला.

मग कोपऱ्यावरच्या बाकावर दोघं बसलो. चांगले दोन-अडीच तास. घरी आल्यावर बायकोने विचारलं, एवढा वेळ काय बोलत होतात? खरं सांगतो, फारसं काहीच नाही... भावाशेजारी नुसतं बसून राहिलं तरी किती बरं वाटतं, हे मी विसरूनच गेलो होतो.