दाखवायचं अंगण

घरासमोरची मोकळी जागा घरातल्या माणसांसाठी असते, असं ती माहेरी असताना समजून चालली होती. समज काही चुकीचा नव्हता. घर चुकीचं मिळालं.

नवऱ्याचा धंदा लोकांच्या घराभोवती शोभेचे दगड बसवण्याचा. भिंतीलगत पांढरे गोटे, झाडाच्या बुंध्याभोवती लाल खडी, आणि हे सगळं जागच्या जागी राहावं म्हणून सभोवार विटांची, दगडाची नाहीतर लोखंडी पट्टीची कड. गल्लीत त्याला 'गोटेशेठ' म्हणत. शेठपणा नावापुरताच, वाकून वाकून कंबरेचा पार कोयता झाला होता. पण काम चोख. दोरी ताणून, गुडघे टेकून, एक डोळा मिटून तो कड बघायचा आणि केसभर वाकडी दिसली तरी अख्खी ओळ उखडायचा. दुकान वगैरे नव्हतं. घराचं पुढचं अंगण हेच दुकान. डाव्या हाताला पांढरे गोटे, त्यांना काळ्या दगडाची कड. शेजारी लाल खडी, तिला तिरक्या रोवलेल्या विटांचे दाते. फाटकाजवळ निळसर कपच्या. मधून गोल फरशांची वाट, तीही नवऱ्याच्या ढांगेच्या मापाने बसवलेली. भाजीच्या पिशव्या घेऊन येताना तिला दर फरशीला उडी मारावी लागे. गिऱ्हाईक फाटकात उभं राहून बोट दाखवायचं, 'आम्हाला हे असं करून द्या', की सौदा ठरला.

त्या अंगणात सगळ्याला जागा होती, फक्त माणसाला बसायला नव्हती.

आणि ऊन यायचं ते नेमकं पुढच्याच बाजूला. मागे शेजारची उंच इमारत, तिथे सकाळ अशी व्हायचीच नाही. मागच्या दोरीवरचे कपडे वाळले तरी कुबट वास मारायचे. थंडीत तिची बोटं सुजायची, मूठ वळेना. उन्हात हात धरले की जरा जिवात जीव यायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तिने विचारलं होतं, "अहो, पुढे एक खुर्ची टाकू का? सकाळपुरती?"

"कुठे?"

"त्या पांढऱ्या गोट्यांवर, कोपऱ्यात."

तो हसला. "अगं, खुर्चीचे पाय रुततात. खाली कापड अंथरलंय, ते फाटलं की गवत वर येतं. आणि दारात गिऱ्हाईक आलं तर काय बघेल? एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू."

तो हंगाम गेला, पुढचे कितीतरी गेले. पिवळे गोटे मागे पडले, करडे आले, पांढऱ्यांना पुन्हा भाव आला. कोपरा काही रिकामा झाला नाही.

बसायला मनाई होती, राबायला नव्हती. पांढऱ्या गोट्यांवर शेवाळ धरलं की टपात घालून ब्रशने घासायचे कुणी? तिने. झाडू मारला की खडी उडते, म्हणून एकेक पान हाताने वेचायचं कुणी? तिनेच. गल्लीतली मांजरं गोट्यांत काय उरकून जात ते निस्तरणं वेगळं. येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती स्वच्छ राहतं हो हे!" आणि गोटेशेठ छाती काढून सांगायचे, "याला देखभाल म्हणून लागतच नाही. एकदा बसवलं की बघायला नको." ओल्या हातांनी ती दारात उभी राहून हे ऐकायची. इतकं धडधडीत खोटं, तेही बायकोच्या तोंडावर, दुसऱ्या कुठल्या धंद्यात खपलं असतं कोण जाणे.

तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. दारू नाही, मारहाण नाही, घरात कशाची ददात नाही. भांडायलाही काहीतरी हाताशी लागतं. 'मला उन्हात बसू देत नाहीत' असं माहेरी जाऊन सांगितलं असतं तर आईनेच वेड्यात काढलं असतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहणाऱ्या माणसाला काही नकोच असतं असं घराने सोयीने धरून चाललं.

आशा होती ती मुलावर. लहान असताना त्याने एकदा पांढरे आणि काळे गोटे एकत्र करून भला मोठा डोंगर रचला. बापाने दोन थोबाडीत ठेवून दिल्या. मागच्या दारात तिच्या कुशीत हुंदके देत पोरगं म्हणालं, "मी मोठा झालो ना, की हे सगळे दगड फेकून देणार आणि तुला तिथे बसवणार." मुलं काय, तोंडाला येईल ते बोलतात. आई मात्र ते गाठीला बांधून ठेवते. पुढे तो बापाच्याच धंद्यात पडला तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिला मनातून बरंच वाटलं. अंगण आता त्याच्या हाती येणार होतं.

आलंही. गोटेशेठच्या मणक्याने संप पुकारला, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खिडकीजवळच्या पलंगावर बसून रस्ता बघू लागले. कारभार मुलाने घेतला. पहिल्याच आठवड्यात दारात दगडांचा ट्रक उभा राहिला. "मागची जागा नुसती पडून आहे," मुलगा म्हणाला, "सावलीतला नमुनाही हवाच की लोकांना दाखवायला." कपड्यांची दोरी निघाली. कपडे बाहेरच्या खोलीत घडीच्या स्टँडवर वाळू लागले. पुढचं तर नाहीच, मागचंही गेलं.

तेव्हा मात्र तिने तोंड उघडलं. जेवताना म्हणाली, "लहानपणी तू मला काहीतरी कबूल केलं होतंस."

तिला वाटलं, आठवणार नाही. पण त्याचा घास हातातच राहिला. "विसरलो नाहीये गं आई," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता, आणि तो खोटा नव्हता.

चार दिवसांत त्याने दगडी बाक आणलं. सकाळचं ऊन जिथे पहिल्यांदा पडतं, त्याच कोपऱ्यात पांढरे गोटे बाजूला सारून, पाणसळ लावून, पातळी बघून पक्कं बसवलं. भोवती काळ्या दगडाची गोलाकार कड घातली. मग हात धरून तिला आणून बसवलं. "हे तुझं," म्हणाला.

तिला रडू आलं. लपवलंही नाही तिने.

मग रोज सकाळी ती तिथे बसू लागली. चहा तिथे, भाजी निवडणं तिथे. बोटं मोकळी झाली. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या बायका थांबून दोन शब्द बोलू लागल्या. आपल्या घरासमोरून इतकी माणसं जातात हे तिला या वयात कळलं. दुपारी कामं करताना तिला उद्याच्या सकाळची वाट बघावीशी वाटे. असं काही वाट बघण्याजोगं तिच्याकडे कधी नव्हतंच.

एका सकाळी ती मटार सोलत बसली होती. फाटकाशी गाडी थांबली, नवरा-बायको उतरले. मुलाने सगळं फिरून दाखवलं. बाईला काही पसंत पडेना. जाता जाता तिची नजर कोपऱ्याकडे गेली. "अय्या, हे बाक पण मिळतं का?"

"मिळतं की," मुलगा म्हणाला. "नमुन्यालाच ठेवलंय."

इतक्या सहज म्हणाला, की तो खोटं बोलला की हेच खरं होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

ती बाई जवळ आली. "काकू, बसायला कसं आहे हो? दगडाचं आहे, टोचत वगैरे नाही ना?"

मुलगा आईकडे बघत होता. खिडकीत नवऱ्याचा चेहरा आला. थंडीत गार पडतं, पाठ धरते, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. बाक राहिलं असतं. हे तिला त्या क्षणी लख्ख कळत होतं. पण दारात गिऱ्हाईक असताना मालाला नावं ठेवायला तिची जीभ आयुष्यात कधी वळली नव्हती.

"फार छान आहे," ती म्हणाली. "उन्हात बसलं की उठावंसं वाटत नाही."

"मग आम्हाला हेच द्या. नवीन यायची वाट बघायला वेळ नाही."

"आई, जरा उठतेस? माप घ्यायचंय," मुलगा म्हणाला. मग हळूच, "तुला दुसरं आणतो, याच्याहून चांगलं."

मटाराचं भांडं उचलून ती उठली आणि आत आली. राग तिला मुलाचा आला नाही, नवऱ्याचाही नाही. स्वतःचा आला, इतका की भांडं आपटावंसं वाटलं. जन्मभर या घरात खोटं ऐकून घेतलं, आणि एकदाच खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तिने खरं सांगितलं.

गाडी गेली. खिडकीजवळून नवऱ्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी खुशीतला. "बघितलंस ना? नमुना नुसता ठेवून भागत नाही. त्यावर तुझ्या आईला बसवत जा. माल लगेच उठतो."

"माझ्याही तेच डोक्यात आलं," मुलगा म्हणाला.