मांडीखालचं पत्र

फौजेच्या घोडदळात भरतीच्या वेळी मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "घोडा येतो." खरं तर घाटनांदूरला वरातीच्या घोड्यापलीकडे माझा अनुभव नव्हता, आणि त्यावरही मी लगामाला लोंबकळूनच बसायचो.

स्वारीच्या पहिल्याच सकाळी, साडेपाचला, घोडा शिकवणाऱ्या दफेदार उस्तादांनी हे ओळखलं. माणूस राजस्थानचा. मी घाटनांदूरचा, माझा दोस्त मिलिंद नांदूरघाटचा; ही दोन गावं आहेत हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"लगाम घोड़े से बात करने के लिए है, लटकने के लिए नहीं."

आदल्या संध्याकाळी रोलकॉलला माझ्या बायकोचं पहिलं पत्र आलं होतं. लग्नाला दोनच महिने झालेले. उस्तादांनी ते माझ्या हाती दिलंच नव्हतं. आता त्यांनी पाय ठेवायच्या रिकिबी काढल्या, लगामाला गाठ मारून घोडीच्या मानेवर टाकली आणि ते बंद पत्र खोगिरावर, बरोबर माझ्या बुडाखाली ठेवलं.

"तीन चक्कर. चिट्ठी गिरी, तो मिलिंद पूरे ट्रूप को पढ़के सुनाएगा."

"बिनधास्त पड बे," मिलिंद म्हणाला. "मी लई भारी वाचतो."

पहिली चक्कर चालत. दुसरी दुडक्या चालीत; हाडं मोजून झाली. तिसरीला घोडी दौडू लागली आणि कुंपणापलीकडे पाण्याच्या टँकरनं हॉर्न दिला. घोडी उधळली. मी लगाम धरला, बूड उचललं गेलं, पत्र सरकलं.

"हाथ ऊपर! बैठ जा!"

उधळलेल्या घोडीवर हात वर करायचे! केले. कंबर सैल सोडली, पाय खाली लांब केले, सगळं वजन खोगिरात उतरू दिलं. मांड बसली. घोडी माझ्याखालून पळायची थांबली आणि मला घेऊन पळू लागली. चक्कर पुरी करून ती आपणहून उभी राहिली.

पत्र चुरगळलं होतं, पण जागेवर होतं.

"काय लिव्हलंय बे वहिनीनं?"

"तुला कावून सांगू?"

मिलिंद पुढे सहा वर्षं विचारत राहिला. शेवटचं रेडिओवर, तो सीमेवर गस्तीला निघताना.

"आता तरी सांग की बे. ओव्हर."

"आल्यावर सांगतो. ओव्हर."

दुपारी १४४० वाजता त्या गस्तीवर गोळीबार झाला. मिलिंद आला नाही.

दरवर्षी मी नांदूरघाटला जातो आणि त्याच्या फोटोपुढे ते पत्र वाचतो. लाजेपायी कधी सांगितलं नाही, पण त्यात एवढंच होतं: म्हैस व्याली. रेडी झाली. दोघी बऱ्या हायेत.